पन्ह्याचा रविवार

देवाचं राज्य केव्हा आणि कुठे येईल हे माणसाला आधी कळत नसतं, असं शास्त्र सांगतं. सेवा समितीला ते कळलं होतं. समितीच्या ठरावाप्रमाणे ते धानोऱ्याच्या टोकाला असलेल्या टेंभुरटोलीत दर रविवारी सकाळी नऊ वाजता यायचं होतं.

ठराव नागपूरला, पंख्याखाली, जेवणानंतर झाला होता. त्यामुळे मार्च महिन्यात रविवारी सकाळी नऊ वाजता टेंभुरटोलीत दोन म्हातारे, दहा-बारा कोंबड्या आणि पास्टर प्रणित रणभिसे एवढेच असतात, ही नोंद त्यात राहून गेली. बाकीची टोली उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन जंगलात गेलेली असायची. मोहाचं फूल पहाटे गळतं, आणि एकदा जमिनीवर पडलं की ते गाय, अस्वल आणि शेजारीण यांपैकी जो आधी पोचेल त्याचं होतं. उपासना संपेपर्यंत थांबण्याची त्याला सवय नाही.

टेंभुरटोली म्हणजे साठेक घरं. आतल्या गावांतून कुणी शाळेसाठी, कुणी मजुरीसाठी, कुणी जंगलातल्या आणि पोलिसांच्या, दोन्हीकडच्या बंदुकांना कंटाळून रस्त्याजवळ येऊन राहिलेलं. जागेचे कागद नाहीत. नळ आहे, पाणी नाही. अंगणवाडी आहे, तिला कुलूपही आहे. देव मात्र त्यांनी येताना सोबत आणले होते आणि ते टोलीमागच्या ऐनाच्या झाडाखाली व्यवस्थित होते. म्हणजे टोलीत ज्या एका गोष्टीची टंचाई नव्हती, नेमकी तीच पुरवायला समितीनं पास्टरला पाठवलं होतं.

तीन वर्षांत मंडळीची संख्या चार झाली होती. चौघंही गुणाबाईच्या घरची, आणि गुणाबाई तर पास्टर यायच्या कितीतरी आधी, एका मिशनच्या दवाखान्यात आया होती तेव्हापासूनची ख्रिस्ती. मागच्या वर्षी दोन तरुण मोटरसायकलवर आले आणि इथं किती जणांना बाटवलं म्हणून दरडावून विचारू लागले. पास्टरनं हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. त्यांनी ते पुढून-मागून चाळलं. "बस? चारच?" त्यातला एक म्हणाला. समितीच्या पत्रांत जेवढी नाराजी असायची, जवळजवळ तेवढीच त्याच्या आवाजात होती.

फेब्रुवारीत समितीचं नवं पत्र आलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी निरीक्षक साहेब भेट देतील. उपासनेला किमान तीस माणसं दिसली नाहीत तर केंद्र बंद करण्यात येईल.

पास्टरच्या हातून याआधी दोन केंद्रं बंद झाली होती. तिसरं बंद झाल्यावर माणसाला कुठल्या गावी पाठवत नाहीत, कार्यालयाच्या पुस्तकांच्या गोदामात बसवतात. तिथे सध्या एक जण बसवलेले होते. पास्टरनं त्यांना पाहिलं होतं. उपदेशासाठी घडवलेला भरदार आवाज, आणि दिवसभर त्या आवाजात ते उंदीर हाकलायचे. पास्टर एक्केचाळीस वर्षांचा होता. उंदरांचं त्याला काही वाटत नव्हतं. पण उपदेश ऐकणारं समोर कुणीतरी असावं, आणि त्यानं निदान जांभई द्यावी, एवढी एक इच्छा त्याची अजून शिल्लक होती.

पत्र आल्यापासून तो खाली बसला नाही. जेवताना घास तोंडात घालून दाराशी जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा. उपासनेच्या हॉलमधल्या चाळीस खुर्च्या रोज नव्या तऱ्हेनं लावायचा. अर्धगोल लावल्या की कमी माणसं जास्त दिसतात, असा त्याचा शोध होता.

"बसा न जी घडीभर," त्याची बायको दिव्या म्हणायची. दिव्या बल्लारपूरची. "तुमच्या मागं भाजी घेऊन फिरू काय मी?"

"बसून काय होणार आहे?"

"हिंडून तरी काय होऊन राह्यलं?"

दिव्यानं भांड्यांची दोन खोकी तीन वर्षांत उघडली नव्हती. आधीच्या दोन केंद्रांच्या अनुभवावरून.

टोलीत पास्टरला सगळे 'फादरभाऊ' म्हणायचे. आपण फादर नाही, फादरला बायको नसते, हे त्यानं सुरुवातीला बऱ्याचदा समजावलं. लोकांनी ते समजून घेतलं आणि दिव्याला 'फादरीनबाई' म्हणू लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं शेवटचा उपाय केला. रिकाम्या हॉलमध्ये नऊ वाजता घंटा वाजवण्याऐवजी तो पहाटे टोपली घेऊन सुकरीबाईच्या मागे जंगलात गेला. सुकरीबाई पन्नाशीची, टोलीतल्या बायकांची न निवडलेली पुढारी. तिनं त्याला एक झाड नेमून दिलं. दोन तासांनी येऊन त्याच्या टोपलीत हात घातला.

"हे काय होय, फादरभाऊ? फुलं कमी अन् पालाच जास्त. गाय आनली का जेवाले?"

बाकीच्या बायका हसल्या. पास्टरही हसला. तीन वर्षांत टोलीतल्या इतक्या माणसांनी एकाच वेळी त्याच्याकडे लक्ष देण्याची ही पहिली वेळ होती. तो रोज जाऊ लागला. पाला कमी झाला. पाठ धरली. दहाव्या दिवशी वाकल्या-वाकल्याच त्यानं विषय काढला.

"सुकरीबाई, एक रविवार सगळे जण हॉलवर याल का? एकच."

"कायले?"

त्यानं सरळ सांगितलं. साहेब येणार, माणसं मोजणार, कमी भरली तर मला इथून नेणार आणि गोदामात बसवणार.

सुकरीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंजे आमी याचं, बसाचं अन् मोजून घ्याचं?"

"गाणी होतील. मी थोडं बोलेन."

"थोडंच बोल. अन् सकाळी नोको. दुपारी ठेव, तीन वाजता. त्या टायमाले घरात पत्रा तापते. तुय्या हालमंधी पंखे हायेत न?"

"चार आहेत."

"मंग येतो. तू काई वाईट मानूस नाई. वेचता तेवढं येत नाई तुले."

गोदामापासून आपल्याला चार पंखे वाचवणार, हे पास्टरनं मनाशी मान्य केलं. पण तेवढ्यावर त्याचं भागेना. लोक एवढ्या उन्हात येणार, त्यांना पंख्यापलीकडे आपण काय देणार? या विचारात तो दोन दिवस अंगणात येरझारा घालत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला पन्हं सुचलं. तो मूळचा नगरकडचा. उन्हाळ्यात चर्च सुटल्यावर त्याची आई सगळ्यांना पन्हं द्यायची, कैऱ्या भाजून, गूळ घालून. आरमोरीकडे नानाजी नावाचे एक ओळखीचे धानाचे शेतकरी होते, त्यांच्या बांधावर आंब्याची चार झाडं. वादळानं कैऱ्यांचा सडा पडला होता. नानाजींनी पोतंभर काढून दिल्या, वर म्हणाले, "घेऊन जा जी, डुकरं खाऊन राह्यली नाहीतरी."

शनिवारी दिव्यानं मागच्या अंगणात कैऱ्या भाजल्या. गुणाबाई हॉल झाडायला आली होती. ती भाजत ठेवलेल्या कैऱ्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि झाडू घेऊन आत गेली. पास्टरनं ते पाहिलं. त्याला वाटलं, म्हातारी भारावली.

रविवारी तापमान त्रेचाळीस होतं. पावणेतीनला हॉलमध्ये कोणी नव्हतं. तीनला कोणी नव्हतं. पास्टर दारातून खुर्च्यांकडे आणि खुर्च्यांकडून पन्ह्याच्या पिंपाकडे फिरत होता. निरीक्षक साहेब चार वाजता येणार होते, त्यांचा सकाळीच फोन येऊन गेला होता, "आरमोरीला जेवून निघतो." तीन वाजून दहा मिनिटांनी सुकरीबाई आली, आणि तिच्यामागे टोली आली. पोरंसोरं, म्हातारे, आंघोळ करून केसांना तेल लावलेल्या बायका. सर्वांत मागून झिंगूभाऊ आले. झिंगूभाऊ सत्तरीचे, टोलीतली देवाची कामं तेच करायचे. म्हणजे हुद्द्यानं पाहिलं तर ते आणि पास्टर एकाच खात्यातले. "जोहार, फादरभाऊ," म्हणून ते पहिल्या रांगेत, थेट पंख्याखाली बसले.

पास्टरनं मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. बेचाळीस. दोन पोरं खुर्चीखाली गेली होती. तो म्हणाला, "आधी थंड घ्या. मग गाऊ."

दिव्या आणि गुणाबाईनं पेले फिरवले. गुळामुळे पन्ह्याचा रंग तपकिरी झाला होता. सुकरीबाईची सून रंजीता दारापाशी बसली होती. सहावा महिना, उन्हातून चालून आलेली, चेहरा लालबुंद. तिनं पेला हातात येताच एका दमात रिकामा केला. मग तिचं तोंड थांबलं. जीभ टाळूला लावून तिनं पुन्हा चव घेतली.

"आत्याबाई," ती हळूच सुकरीबाईला म्हणाली, "हे गुळाचं पानी नाई. आंबट हाये."

सुकरीबाईनं आपला पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. तिच्या शेजारणीनं ठेवला. मग रांगेनं, न बोलता, बाकीचे सगळे पेले खुर्च्यांखाली गेले. एक पोर ओठाला पेला लावत होतं, त्याच्या आईनं तो हिसकून घेतला.

"काय झालं? खराब झालंय का?" पास्टर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत धावला. "सकाळीच केलंय. दिव्या, नासलंय का?"

झिंगूभाऊ उठले. त्यांनी पिंपाचं झाकण उचलून आत पाहिलं.

"फादरभाऊ, आंब्याचं पंडुम झालं नाई आमचं अजून."

"म्हणजे?"

"मंजे नवा आंबा आधी देवाले द्याचा, मंग मानसानं खायाचा. मोहाचं तसंच, शेंगाईचं तसंच. पंडुम झाल्याबिगर कोनी नवा आंबा तोंडाले लावत नाई. लावलं तं त्या घरावर येते."

"काय येतं?"

"तेच तं ठाऊक नसते. वाघ येते, ताप येते. कोनाले काय, कोनाले काय."

सगळ्या माना रंजीताकडे वळल्या. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

पास्टरनं गुणाबाईकडे पाहिलं. "गुणाबाई, तुम्हाला माहीत होतं? काल तुम्ही बघत होतात!"

"पाह्यलं न मी."

"मग काऊन नाई सांगतलं?" हे दिव्या ओरडली.

"मले वाटलं, तुमच्यातलं पंडुम होऊन गेलं असन," गुणाबाई म्हणाली. "नगरकडं लवकर येत असन. दुसऱ्याच्या देवाच्या कामात आपन कायले बोलाव?"

गेली तीन वर्षं पास्टर हेच काम पगार घेऊन करत होता.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"कराचं काय? पंडुम कराचं," झिंगूभाऊ म्हणाले. "पुढच्या बुधवारी ठरलं होतं, ते आज करू. आत्ताच. उठा रे! कोंबडीचं पिलू आना कोनी. तांदूळ आना. फादरभाऊ, कच्चे आंबे उरले का तुय्याकडं?"

"वीसेक आहेत. पण भाऊ," पास्टरनं घड्याळ पाहिलं. साडेतीन. "अर्ध्या तासात साहेब येतील. ते बघून गेले की करू या का? पाच वाजता? मी स्वतः मदत करतो."

"पोरीनं पेलं आत्ता. पाच वाजता कायले?"

लोक उठू लागले. चव्वेचाळीस, चाळीस, तीस. पास्टरला आपोआप उलटं मोजता येत होतं. सुकरीबाई सुनेचा दंड धरून दारातून निघाली, आणि जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रागानं नव्हे, तिला आता दुसरं काही दिसतच नव्हतं. रंजीता मात्र उंबऱ्यावर थांबली.

"फादरभाऊ, मले ठाऊक नवतं जी," ती म्हणाली, जणू चूक तिची होती. "मले लय तहान लागली होती."

पास्टर दोन पावलं दाराकडे गेला, दोन पावलं परत आला. एकीकडे रिकामा हॉल, ज्यात थांबलं तर गोदाम नक्की. दुसरीकडे ऐनाचं झाड, जिथे निरीक्षकांना सापडलो तर गोदामही मिळायचं नाही.

"झिंगूभाऊ," त्यानं हाक मारली. "मी आलो तर चालेल का?"

झिंगूभाऊ वळले. "चालन मंजे? आंबे तुयेच न? तुले याच लागते."

दिव्या पदर खोचत म्हणाली, "जा तुमी. साहेब आले तं मी बसवतो त्याईले. पन्हं देतो."

ऐनाच्या झाडाखाली देवांची जागा सारवलेली होती. माणसं जमिनीवर बसली, आणि पास्टरही बसला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. बसला खरा, पण मान रस्त्याकडे. धानोऱ्याच्या बाजूनं धूळ उठली की त्याचे गुडघे आपोआप उचलले जायचे. पहिली धूळ ट्रॅक्टरची निघाली, दुसरी बकऱ्यांची.

"इकडं पाह्य न," शेजारचा म्हातारा त्याला कोपरानं ढोसून म्हणाला. "तुया देव का त्या रोडनं येऊन राह्यला?"

झिंगूभाऊंनी तांदळाचे छोटे ढीग मांडले, गोंडीत काही बोलले, पिलानं दाणे टिपले. टिपले ते चांगलं झालं असावं, कारण बायकांनी श्वास सोडला. पिलाचं पुढे जे व्हायचं ते झालं तेव्हा पास्टरनं डोळे मिटले, आणि डोळे मिटलेलेच आहेत तर म्हणून प्रार्थना केली. नेहमी तो देवाकडे माणसं मागायचा. या वेळी त्यानं रंजीताचं बाळ सुखरूप मागितलं, घाईघाईनं, मनातल्या मनात, साध्या मराठीत. इतकी छोटी प्रार्थना त्यानं कित्येक वर्षांत केली नव्हती.

मग कैऱ्या कापल्या गेल्या. पहिली फोड देवांना. दुसरी रंजीताला. तिनं खाल्ली, आणि सुकरीबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिसरी फोड झिंगूभाऊंनी पास्टरपुढे धरली.

"घे. देव आमचे असले तरी आंबे तुयेच होत. खा."

त्यानं रस्त्याकडे एकदा पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यानं फोड खाल्ली. दात आंबले.

आता आंबा मोकळा झाला होता. सगळी टोली हॉलवर परत आली आणि दहा मिनिटांत पिंप खाली केलं. "पह्यलेच विचारलं असतं तं लय मजा आली असती," सुकरीबाई तिसरा पेला भरून घेत म्हणाली. साडेपाच वाजले होते. मोहाची सुकत घातलेली फुलं गोळा करायची वेळ झाली, म्हणून सगळे निघून गेले. गाणं एकही झालं नाही.

निरीक्षक साहेब आलेच नव्हते. पास्टर रस्त्यावर उभा असतानाच त्यांचा फोन आला.

"रणभिसे, प्रभूच्या नावानं सलाम. अहो, आरमोरीतच थांबलोय. गाडीचा एसी बंद पडला. या उन्हात पुढे येणं काही शक्य नाही. फॉर्म फोनवरच भरून टाकू. उपासनेला हॉलमध्ये किती जण होते?"

पास्टरनं मागे वळून पाहिलं. दिव्या पेले गोळा करत होती. चव्वेचाळीस म्हणायला काही लागत नव्हतं. पेलेच तेवढे होते.

"हॉलमध्ये एकही नाही, साहेब."

पलीकडे पेन थांबलं. "एकही नाही?"

"आले होते. उठून गेले."

"कुठे?"

"झाडाखाली. त्यांची पूजा होती, नव्या आंब्याची. चूक माझी होती. मीही जाऊन बसलो होतो."

"तुम्ही बसलात?"

"हो. फोडही खाल्ली."

पलीकडून आरमोरीच्या हॉटेलातल्या कपबशांचा आवाज आला. पास्टर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालला, परत आला.

"तिथं तुम्ही प्रार्थना केली का?" साहेबांनी विचारलं.

"मनात केली."

"कुणासाठी?"

"एका गरोदर बाईसाठी."

"लोक किती होते?"

"चव्वेचाळीस. पण ते माझ्याकडे आले नव्हते, साहेब. मी त्यांच्याकडे गेलो होतो."

"थांबा जरा." कागद उलटल्याचा आवाज झाला. "इथं दुसऱ्या पानावर एक रकाना आहे. 'सभागृहाबाहेरील सेवाकार्य, उपस्थिती.' माझ्याकडच्या दोन्ही जिल्ह्यांत आजवर कुणाचाच भरलेला नाही हो हा. चव्वेचाळीस म्हणालात ना?"

"साहेब, ती पूजा—"

"पूजेचा रकाना नाही, रणभिसे. असता तर विचारलं असतं. मी चव्वेचाळीस लिहितोय. शेरा: उत्तम."

पंधरवड्यात समितीचं पत्र आलं. टेंभुरटोली केंद्र पुढील एक वर्ष चालू ठेवण्यात येत आहे. पास्टर रणभिसे यांनी वस्तीत मिसळून केलेल्या कार्याची समितीनं समाधानपूर्वक नोंद घेतली आहे. इतर केंद्रांनी त्यांचं अनुकरण करावं. दिव्यानं पत्र दोनदा वाचून घडी घालून ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेला पाच जण आले. त्यातला एक मोबाइल चार्ज करायला आला होता.